मी खाली होतो

इंदूर, हैदराबाद, बेळगाव, रायपूर, कुठून कुठून आपली माणसं ही मालिका बघतात असं आयोजक सांगतात. मी बडोद्याचा. आमच्या तीन पिढ्या तिथेच गेल्या आणि माझी पस्तीस वर्षं फौजेत गेली, त्यामुळे माझ्या मराठीत थोडी गुजराती आणि बरीचशी छावणीतली हिंदी शिरते. सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आज विमानांबद्दल बोलणार आहे. मी हवाई दलातला नाही. मी तोफखान्यातला. आमच्यात आणि हवाई दलात जुनी थट्टा चालते. ते म्हणणार, तुम्ही चिखलातले. आम्ही म्हणणार, तुम्ही रात्री गाद्यांवर झोपणारे. मेसमध्ये दोन पेग झाले की ही थट्टा सुरू व्हायचीच. माझ्या बाबतीत मात्र त्या थट्टेखाली एक खरा राग होता, आणि तो मी तीस-पस्तीस वर्षं बाळगला. तो कसा उतरला ते आज सांगतो.

माझा मुलगा दिल्लीत द्वारकेला राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. नात सातवीत आहे. तिला शाळेत काहीतरी प्रकल्प करायचा होता, म्हणून म्हणाली, "आजोबा, मला पालमचं विमानांचं म्युझियम दाखवा." फौजेतल्या आजोबाला सगळंच माहीत असणार असा तिचा समज. तिथे मीही पहिल्यांदाच जात होतो.

पालमच्या हवाई दल संग्रहालयात आधी फोटो, गणवेश, शस्त्रं यांचं दालन आहे. पुढे हँगर, आणि बाहेर उघड्यावर मोठी विमानं. हँगरमध्ये विमानं इतकी जवळजवळ उभी आहेत की एकाच्या पंखाखालून दुसऱ्याकडे जावं लागतं. माझ्यासारख्या उंच माणसाने डोकं सांभाळावं.

पहिल्यांदा थांबलो ते वापिटीपाशी. दोन मजली पंखांचं, कापड ताणून बसवलेलं, उघड्या कॉकपिटचं विमान. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर आपल्या पहिल्या स्क्वाड्रनची सुरुवात झाली, तेव्हा त्यांच्याकडे अशी चार वापिटी होती. क्रॅनवेलहून शिकून आलेले मूठभर भारतीय वैमानिक, आणि जमिनीवरच्या कारागिरांना नाव दिलेलं 'हवाई सिपाही'. मी नातीला म्हटलं, "बघ, नावातच सिपाही आहे." त्या स्क्वाड्रनला काम दिलं होतं ते भूदलाला मदत करण्याचं. वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या डोंगरांत, खाली पायदळ चालणार आणि वरून हे त्यांचे डोळे होणार. त्या काळात खालचे लोक जमिनीवर पांढऱ्या कापडाचे पट्टे पसरून वरच्याला खूण करत. खालून चिठ्ठी द्यायची असली तर दोन खांबांमध्ये दोरी ताणून तिला चिठ्ठीची पिशवी अडकवायची, आणि विमान खाली येऊन आकड्याने ती उचलून न्यायचं. नातीला हे इतकं आवडलं की तिने वहीत दोन खांब काढले.

मला ते कापडाचे पट्टे लागले. का, ते पुढे येईल.

शेजारीच लायसँडर. हेही मूळचं भूदलाच्या मदतीचंच विमान, टेहळणीचं. १९४२ च्या फेब्रुवारीत स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार हीच विमानं घेऊन ब्रह्मदेशात टाउंगूला पोचले आणि लगेच जपान्यांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. मजुमदारांनी आपल्या लायसँडरला बॉम्ब लावून घेतले आणि सयामच्या हद्दीत जाऊन जपान्यांचाच तळ गाठला. टेहळणीच्या विमानाने बॉम्बफेक! पुढे १९४५ मध्ये, लढाईत नव्हे, लाहोरला कसरती दाखवताना अपघातात ते गेले.

आता बाहेर चला. बाहेर लिबरेटर आहे, चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांकडे कानपूरला अशी खूप विमानं उरली. अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची. त्यांनी निकामी केली. यंत्रांवर कुदळी चालवल्या, इंजिनांत वाळू घातली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि कोणी देईना. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी कानपूरच्या त्या भंगारातून एकाचं हे, दुसऱ्याचं ते जोडून विमानं उभी केली. जमशेद मुन्शी नावाचे त्यांचे चाचणी वैमानिक ती तशीच, जेमतेम जोडलेली, कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. तिथे ती नीट तयार होत. १९४८ च्या नोव्हेंबरात पाचवं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं आणि ती जवळजवळ वीस वर्षं चालली. आज जगभरच्या संग्रहालयांत जी थोडी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली बरीचशी आपल्याकडून गेलेली आहेत. ज्यांनी मोडली त्यांच्या देशातल्या संग्रहालयातसुद्धा!

लढाऊ विमानांबद्दल फार बोलत नाही. गर्दी तिथेच असते आणि माहितीही सर्वांना असते. हंटर आहे, मिस्तेर आहे, मरुत आहे. छोटंसं नॅट आहे. १४ डिसेंबर १९७१ ला निर्मलजीत सिंग सेखों श्रीनगरहून एकटे सेबरांशी लढले ते असंच विमान. एका सुखोईची शेपटी ठेवली आहे. १९७१ मध्ये क्षेपणास्त्र लागून ती फाटली आणि तरी वैमानिकाने विमान घरी आणलं. पत्रा कसा उलटा वळलाय ते बघताना अंगावर काटा येतो.

तिथेच नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही यातल्या कुठल्या विमानात होतात?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही ग. मी खाली होतो."

"मग तुम्हाला यातलं काय माहिती?"

रास्त प्रश्न होता. म्हणून मी तिला पॅकेटपाशी नेलं. तिथे एकही माणूस फोटो काढत नव्हता. पॅकेट म्हणजे मालवाहू विमान. पोट ट्रंकेसारखं चौकोनी, मागे दोन शेपट्या. दिसायला काही सुंदर नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी लडाखमध्ये किंवा तेव्हाच्या नेफात असलेल्या जवानाला विचारा. त्याचं पीठ, डाळ, रॉकेल, पत्रं, तंबू, सगळं याच्या पोटातून आलं. मागचा भाग उघडा ठेवून उडायचं, घंटा वाजली की आमच्याच सर्व्हिस कोरचे जवान पाठ लावून माल ढकलायचे. पीठ-डाळ दुहेरी गोणीत भरून तशीच टाकत, बाहेरची फुटली तरी आतली राहावी म्हणून. नाजूक माल पॅराशूटने. मी फौजेत आलो तेव्हा पॅकेटचे शेवटचे दिवस होते. पण वरच्या पोस्टवर मी जी रजई पांघरली ती पॅराशूटच्या कापडाची होती, पडदा तोच, उशीचा अभ्राही तोच.

या विमानाला डोंगरात ताकद कमी पडायची. वर हवा विरळ, पंखांना आधार कमी, इंजिनही दमतं. म्हणून त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवलं. पुढे तर नॅटमध्ये असतं तेच ऑर्फियस इंजिन बसवायला लागले. हमालाच्या पाठीवर पहिलवान, म्हणा ना. असं पॅकेट जुलै १९६२ मध्ये दौलत बेग ओल्डीला उतरवलं ते स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी. उंची साडेसोळा हजार फुटांच्या वर, धावपट्टी म्हणजे सपाट केलेली माती. १९७१ च्या ११ डिसेंबरला टांगाईलला आपली छत्रीधारी पलटण उतरली, त्या ताफ्यात डकोटा, एएन-१२ यांच्याबरोबर पॅकेटही होती. ती पलटण दुसरी पॅरा, म्हणजे मूळची मराठ्यांची. उडी मारणाऱ्यांत आपल्या सातारा-सांगलीकडची कितीतरी पोरं असणार.

मी हे नातीला हातवारे करून सांगत होतो, तर मागून आवाज आला, "सर, आप फौज से हैं?"

सत्तरी उलटलेले एक गृहस्थ होते. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, इंजिन फिटर. पॅकेटवर अकरा वर्षं काम केलेलं. त्यांनी विमानाच्या चाकापाशी हात ठेवला, गोठ्यातल्या म्हशीवर ठेवतात तसा, आणि बोलायला लागले. मी ऐकत गेलो. रात्री दोनला उठून इंजिनं तापवायची, पहाटे विमान सोडायचं, कारण दुपारी डोंगरात ढग चढतात आणि वारा सुटतो. मग दिवसभर परत येण्याची वाट बघायची.

मी थट्टेत म्हटलं, "वॉरंट साहेब, आम्हीही वाटच बघायचो. तुमचं विमान यायचं नाही, आम्ही डबे मोजत बसायचो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, नहीं आया, ऐसा नहीं होता था. आप को दिखा नहीं." मग त्यांनी मला एक साधी गोष्ट सांगितली. हवाई दलात प्रत्येक उड्डाणाची एका वहीत नोंद होते. जाण्याआधी कॅप्टन सही करतो. परत आल्यावर काम झालं असेल तर लिहितात डी.सी.ओ., म्हणजे काम पार पडलं. झालं नसेल तर डी.एन.सी.ओ., आणि पुढे कारण. "सर, उस किताब में वेदर लिख के कितने डी.एन.सी.ओ. हैं, आप गिन नहीं सकेंगे. हर एक में जहाज गया था. वापस भी लाना पड़ता था, सर. सब वापस नहीं आए."

शेवटचं वाक्य कशाबद्दल होतं ते मला कळलं. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंडीगढहून लेहला निघालेलं एएन-१२. आत १०२ माणसं, बहुतेक आमचे जवान. पुढे हवामान खराब म्हणून वैमानिकाने परत फिरायचं ठरवलं, आणि रोहतांगच्या आसपास विमान नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत पहिले अवशेष सापडले. २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी.

नात त्यांच्याकडून पाठीवरच्या इंजिनाची माहिती लिहून घेत होती. मी बाजूच्या कठड्यावर बसलो.

आता माझ्या पोस्टची गोष्ट. नाव-गाव राहू द्या. उत्तरेकडचा बर्फाचा भाग, ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी कॅप्टन होतो, तोफांना दिशा देण्यासाठी पायदळाच्या पोस्टवर बसलेला. माझ्याबरोबर माझा रेडिओ ऑपरेटर, सांगली जिल्ह्यातला, बावीस वर्षांचा. त्याचं नाव घेत नाही, घरची माणसं आहेत. आम्ही दोघंच तिथे मराठी बोलणारे, त्यामुळे तो मला 'साहेब' म्हणायचा पण भांडायचा घरच्यासारखा. चहात साखर कमी पडली की माझ्याकडे बघायचा.

एका संध्याकाळी त्याला खोकला सुरू झाला. रात्रीपर्यंत छातीत घरघर. ज्यांनी उंचीवर नोकरी केली आहे त्यांना कळेल, फुप्फुसात पाणी होतं. आम्ही त्याला हॅपो म्हणतो. उपाय एकच, माणसाला लवकर खाली न्यायचं. पायी नेणं शक्य नव्हतं, बर्फाचं वादळ होतं आणि वाटेत भेगा. प्राणवायूचा एक सिलिंडर होता. मी सेटवर हेलिकॉप्टर मागितलं.

पहिला दिवस वादळात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला, पण पोस्ट ढगात. आम्ही रिकामे जेरीकॅन आणि लाल कापड मांडून उतरण्याच्या जागेवर खूण केली. तेच ते पट्टे, वापिटीच्या काळचे. दहाच्या सुमाराला आवाज आला. चीता हेलिकॉप्टरचा आवाज लांबूनही ओळखू येतो. त्याने डोळे उघडले, म्हणाला, "आलं, साहेब." आवाज जवळ आला, डोक्यावर असल्यासारखा वाटला, आणि मग दूर गेला. दुपारी पुन्हा तसंच. दिसलं काहीच नाही.

तो पहाटे चारला गेला.

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं. साडेसातला चीता उतरलं. त्या उंचीवर इंजिन बंद करत नाहीत, पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पंखा फिरत असतानाच आम्ही त्याला चढवलं. पायलट माझ्याच वयाचा असेल. त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "सर, कल दो बार आए थे. नीचे कुछ नहीं दिखा." मी त्याच्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही. हात वर करून 'जा' अशी खूण केली.

माझ्या डायरीत मी लिहिलं, 'हेलिकॉप्टर आले नाही.' शब्द तेच. दोन महिन्यांनी सुट्टीत त्याच्या गावी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, मला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आला आणि त्याने विचारलं, "साहेब, हेलिकॉप्टर का नाही आलं?"

मी म्हणालो, "त्यांना यायचं नव्हतं."

हे वाक्य मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवून गाडीत बसलो. कागदोपत्री कारण हवामान असंच होतं आणि ते त्या घरात पोचलेलं होतं. पण तिथे विश्वास माझ्यावर होता. मी स्वतः तिथे होतो ना.

पुढे मीच कितीतरी वेळा चीतातून वर गेलो. दोन पायलट आणि मी, सामान जेमतेम. एकदा पांढऱ्या ढगात शिरलो तेव्हा वर-खाली काही कळेना, कडा कुठे आहे ते कळेना. पायलटने क्षणात मागे वळवलं. त्या वेळीही मला तो दुसरा दिवस आठवला नाही, किंवा मी आठवू दिला नाही. राग सोयीचा असतो हो. सिलिंडर संपत आला तेव्हा मी दुसरा का मागवून ठेवला नव्हता, पहिल्या संध्याकाळी खोकल्याकडे सर्दी म्हणून का बघितलं, हे प्रश्न मग स्वतःला विचारावे लागत नाहीत.

कठड्यावर बसलो होतो तिथून समोर एमआय-४ हेलिकॉप्टर दिसत होतं. १९६२ मध्ये याच हेलिकॉप्टरांनी आमचे जखमी खाली आणले. १९७१ च्या डिसेंबरात सगत सिंगांच्या फौजेला मेघना नदीपार नेलं, रात्रीसुद्धा. फलकावर हे सगळं मिळतं. पण जी उड्डाणं ढगातून परत फिरली त्यांचा फलक कुठेच नसतो. कुठल्यातरी तळावर, कुठल्यातरी कपाटात, एका वहीत त्या तारखेला दोन ओळी असतील. सकाळची एक, दुपारची एक. दोन्हींपुढे डी.एन.सी.ओ. आणि माझ्या डायरीत त्याच दिवशी, 'आले नाही'.

वॉरंट साहेबांनी निघताना नमस्कार केला. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

त्या रात्री द्वारकेहून मी सांगलीला फोन लावला. भाऊ आता पंचावन्नच्या आसपास आहे. द्राक्षाची बाग आहे, मुलगी इंजिनीअर झाली. दिवाळीला आमचा फोन होतोच, त्यामुळे अवेळी फोन बघून तो घाबरला. आता मी त्याला अहो-जाहो करतो. म्हटलं, "तुम्हाला एसटी स्टँडवर मी एक गोष्ट सांगितली होती. ती खरी नव्हती." मग सगळं सांगितलं. सकाळचा आवाज, दुपारचा आवाज, "आलं, साहेब" हे त्याच्या भावाचे शब्द. ते तर मी कधीच सांगितले नव्हते. सिलिंडरचं सांगितलं, खोकल्याचंही सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "आई असती तर तिला सांगितलं असतं. ती त्या हेलिकॉप्टरवाल्यांना फार बोलायची."

मी गप्प.

मग त्याने विचारलं, "साहेब, ते पायलट आता कुठं असतात?"

मला माहीत नाही. नाव मी विचारलं नव्हतं, गणवेशावरची पट्टी जाकिटाखाली होती. भूदलाचा होता की हवाई दलाचा, तेही बघितलं नाही. त्या भागात दोघंही उडायचे. मी माझ्या ओळखीच्या लोकांना पत्रं टाकली आहेत. तारीख, पोस्ट, वेळ, सगळं मी आयोजकांकडे लिहून ठेवलं आहे. त्या वर्षांत उत्तरेला चीता उडवणारं कोणी हे ऐकत असेल, किंवा त्यांचा मुलगा-मुलगी ऐकत असेल, तर एक निरोप द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, खिडकीतून ओरडून त्यांनी जे सांगितलं, ते मला ऐकू आलं होतं.

जय हिंद.